अर्धे वाक्य पुरे करणाऱ्या डॉक्टरबाई

डॉ. अनसूया ढमाले यांना मी पहिल्यांदा पाहिले ते इंदुरीतल्या त्यांच्या दवाखान्यात, नोकरी मागायला गेले तेव्हा. परिचारिकेचे शिक्षण नुकतेच संपले होते. बेगडेवाडीहून तळेगावपर्यंत लोकलने आणि तिथून पुढे रिक्षाने आले होते. हातात प्रमाणपत्रे होती आणि मनात मुलाखतीची धास्ती. बाईंनी प्रमाणपत्रांकडे पाहिलेसुद्धा नाही. समोरच्या बाकावर एक आजी आपल्या नातीला घेऊन बसल्या होत्या. नातीला जुलाब होत होते. बाई मला म्हणाल्या, "या आजींना मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते समजावून सांगा."

मी समजावले. पाणी उकळून गार करा, साखर इतकी, मीठ इतके, जुलाब झाला की पाजा, असे सगळे शिकले होते तसे सांगितले. आजी प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत मान डोलावत होत्या. मग बाईंनी त्यांना विचारले, की आता घरी जाऊन काय करणार ते मला सांगा. आजी म्हणाल्या, "जुलाब थांबस्तवर पानी द्यायचं न्हाई, मंग साखरपानी पाजायचं."

बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. आजींच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, की हंडा गळका असेल तर आपण ओतायचे थांबवतो का? गळतोय तोवर ओततच राहावे लागते. नातीचे तसेच आहे. आजींना ते पटले. बाईंनी त्यांच्याकडून सगळे परत वदवून घेतले आणि मगच त्यांना उठू दिले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मान हलली म्हणजे पोचलं असं समजायचं नाही. उद्यापासून या."

त्या उद्यापासून आजपर्यंत मी त्यांच्या दवाखान्यात आहे. बाई आता पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या वैद्यकीय अधिकाराविषयी लिहिणारी जाणती मंडळी आहेत. मी मात्र त्यांच्या शेजारी उभी राहून जे पाहिले, तेवढेच लिहिणार आहे.

बाईंचे बालपण लोणावळ्यात, भुशीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वस्तीत गेले. वडील रेल्वेत नोकरीला होते. पुण्यात डॉक्टरकीचे शिक्षण झाल्यावर तिथेच राहण्याची संधी असताना लग्नानंतर त्या इंदुरीत आल्या आणि इथल्याच झाल्या. रविवारी मात्र त्या आजही लोणावळ्याला जातात आणि डोंगरातल्या वाड्यांमधल्या लोकांना तपासतात. स्वभाव विचाराल तर कडक. "बाई, एक सुई टोचा, बरं वाटंल" असे म्हणणाऱ्याला सुई मिळत नाही, वर ऐकून घ्यावे लागते. सर्दीला सलाईन मागणारे एक गृहस्थ रागाने उठून गेले होते. मी हळूच म्हटले, ते आता दुसरीकडे जातील. बाई म्हणाल्या, "जाऊ देत. तिथं सलाईन मिळेल. मग खरं आजारी पडले की इथंच येतील." आणि तसेच झाले.

कोरोनाच्या दिवसांत आमच्या कामाचे स्वरूपच पालटले. रोगाशी दोन हात करावे लागत होते तेवढेच रोगाविषयीच्या बोलण्याशीही करावे लागत होते. कुणी वाफ घेता घेता तोंड भाजून येई. कुणी काढा पिऊन पिऊन पोटात आग पाडून घेई. घरोघरी मोबाइल होते आणि प्रत्येक मोबाइलमध्ये एक वैद्य बसलेला होता. आम्ही तरुण मंडळी चिडायचो. बाई चिडत नसत. एरवी बारीकसारीक गोष्टींवरून तापणाऱ्या बाई अफवा सांगणाऱ्या माणसासमोर मात्र विलक्षण शांत असत. मला याचे नवल वाटे.

त्याचे कारण मला एका ठाकरवाडीत समजले. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात ही वाडी आहे. लसीकरणाची गाडी आली की वाडी ओस पडायची, माणसे रानात निघून जायची. सत्तरी ओलांडलेल्या बाई एका रविवारी गाडीशिवाय, लसीच्या पेटीशिवाय, पायवाटेने वर चढल्या. मी सोबत होते. वाडीतले वडीलधारे काळूआबा अंगणात बसले होते. बाई त्यांच्यासमोर बसल्या आणि विचारले, की सुईबद्दल काय काय ऐकलेत ते मला सांगा. आबांनी सांगितले. सुई घेतली की माणूस दोन वर्षांत जातो, बाईमाणसाला पोर होत नाही. लोणावळ्याच्या हॉटेलांत कामाला जाणाऱ्यांच्या मोबाइलवर हे आले होते.

मला वाटले, बाई आता समजूत घालायला लागतील. त्यांनी फक्त विचारले, की तुम्हाला स्वतःला कशाची भीती वाटते. आबा मग म्हणाले, की आदल्या वर्षी त्यांच्या भावाला दम लागला म्हणून गाडीतून नेले. तो परत आला नाही. त्याचे तोंडही घरच्यांना पाहायला मिळाले नाही. "गाडी आली का मानूस जातो, येवढं आमाला ठावं हाय," आबा म्हणाले.

बाई म्हणाल्या, "आबा, ही गोष्ट खोटी नाही. तुमच्यावर ते फार वाईट ओढवलं."

एवढेच. डॉक्टरांची बाजू घेणे नाही, सारवासारव नाही. त्यानंतर बोलणे मोकळे झाले. सुई कशासाठी, घेतल्यावर ताप का येतो, काय होऊ शकते आणि काय होत नाही, हे बाईंनी सावकाश सांगितले. शेवटी आबांनी विचारले, "तुमी घेतली का?"

"घेतली."

"मंग आमी दोन वरसं थांबतो. तुमी ऱ्हायलात तर घिऊ."

बाई म्हणाल्या, "थांबा की. पण माझं वय झालंय. मी म्हातारपणानं गेले तर त्याचा दोष सुईला लावू नका."

आबा हसले, आणि अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या बायकाही हसल्या. त्या खेपेला कुणीच कबूल झाले नाही. पुढच्या रविवारी बाई पुन्हा गेल्या, त्याच्या पुढच्याही. हळूहळू वाडीतली बरीच माणसे तयार झाली. आबा सर्वांत शेवटी, काठी टेकत, स्वतः खाली उतरून आले. त्या दिवशी परतताना बाई मला म्हणाल्या, की लोक खोटे बोलत नाहीत, घाबरलेले असतात. भीती खरी असते, फक्त तिचा पत्ता चुकलेला असतो.

त्याच काळात त्यांनी माझ्यावर केलेली माया इथे नोंदवली नाही तर हा लेख अपुरा राहील. मला स्वतःला कोरोना झाला आणि मी बरी झाले. बरी होऊन, विलगीकरण संपूनही बेगडेवाडीतल्या आमच्या चाळीत कुणी दाराशी येईना. नर्सच्या कपड्यांतून रोग महिनोन्‌महिने पसरतो, असे कुणीतरी पसरवले होते. दूधवाला पिशवी लांबूनच ठेवून जायचा. सार्वजनिक नळावर मी गेले की बायका कळश्या उचलून बाजूला व्हायच्या. मी हे बाईंना सांगितले नव्हते, पण त्यांना कळले. एका सकाळी, चाळीतल्या सगळ्यांची नळावर गर्दी असताना बाई आल्या. घरात न येता गॅलरीतच खुर्ची मागितली आणि म्हणाल्या, "सुनंदा, चहा टाक. साखर जरा जास्त." सगळ्यांसमोर माझ्या घरच्या कपातून त्यांनी चहा घेतला, दुसरा कप मागितला, शेजारच्या काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली. कुणालाही उपदेश केला नाही. त्या गेल्यावर शेजारच्या काकूंनी मला भाजीची वाटी आणून दिली.

आता ज्या प्रसंगासाठी मी मुख्यतः हा लेख लिहिते आहे, त्याकडे येते. तो लिहू की नको, असे मी बाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, की दुसरे काही लिहिले नाहीस तरी चालेल, हे लिही.

कोरोना ओसरल्यानंतरच्या एका पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या भागात डेंगीची साथ आली. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसे. इंदुरीजवळच्या एका गावात रोहिदास नावाचा शेतकरी राहतो. त्याच्या म्हशी आहेत, दुधाचा धंदा आहे. त्याची बायको वैशाली तापाने पडली. घरच्यांनी तिला घरीच ठेवले. काही दिवसांनी ताप उतरला आणि घरात सगळ्यांना हायसे वाटले. पण वैशालीला पोटात दुखत होते, उलट्या थांबत नव्हत्या, हातपाय गार पडले होते आणि ती सारखी पेंगत होती. अशक्तपणा असेल म्हणून घरचे पपईच्या पानांचा रस आणि शेळीचे दूध देत राहिले. रोहिदास तिला दवाखान्यात घेऊन आला तेव्हा तिची नाडी हाताला लागत नव्हती. बाईंनी उभ्या उभ्या सलाईन लावले, गाडी बोलावली आणि मला सोबत देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी शर्थ केली. संध्याकाळी वैशाली गेली. पाठीमागे शाळेत जाणारी मुलगी राहिली.

दोनएक दिवसांनी रोहिदास दवाखान्यात आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. त्याने मोबाइल बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यावर एक संदेश होता. डेंगीला भरती होण्याची गरज नाही, पपईच्या पानांचा रस आणि शेळीचे दूध घ्या, ताप उतरला की आजार गेला असे समजा, आणि हे जास्तीत जास्त लोकांना पाठवा, असे त्यात लिहिले होते. खाली होते, 'डॉ. ढमाले मॅडम, इंदुरी'.

रोहिदास म्हणाला, "बाई, आमी दुसऱ्या कुनाचं ऐकलं नसतं. खाली नाव तुमचं हाय म्हनून ऐकलं."

बाईंनी तो संदेश वाचला, पुन्हा वाचला. म्हणाल्या, "रोहिदास, हे मी लिहिलेलं नाही."

"मंग कुनी?"

बाईंनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला. तो निघून गेला. बाहेर रुग्ण ताटकळत होते. बाई एकेकाला तपासत राहिल्या, पण त्यांचे लक्ष लागत नव्हते हे मला दिसत होते. दुपारी मला म्हणाल्या, की शेळीचे दूध हे शब्द मी कुठेतरी बोलले आहे. आणि त्यांना आठवले. गावातल्या एका शिक्षकांना साथीच्या सुरुवातीला डेंगी झाला होता. ते बरे होत आले असताना त्यांच्या पत्नीने दारातूनच विचारले होते, की शेळीचे दूध दिले तर चालेल का. दवाखाना भरलेला होता. बाई म्हणाल्या होत्या, "चालेल, काही बिघडत नाही. ताप उतरतोय आता." आणि पुढच्या रुग्णाकडे वळल्या होत्या.

आम्ही दोघी त्या शिक्षकांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने हे आपल्या बहिणीला सांगितले होते, बहिणीने भजनी मंडळातल्या बायकांना. एकीने पपईच्या पानांची भर घातली, कारण तिच्या दिराला त्याने गुण आला होता. एकीने खर्च वाचावा म्हणून भरती होण्याची गरज नाही असे सांगितले. शेवटी कुणीतरी सगळे नीट टाइप करून खाली बाईंचे नाव घातले, म्हणजे लोक विश्वास ठेवतील. यात वाईट हेतू एकीचाही नव्हता. प्रत्येकीने आपल्या पदरचे थोडे चांगलेच त्यात घातले होते. आणि वैशाली गेली होती.

हितचिंतकांनी बाईंना पोलिसांत तक्रार द्यायला सांगितले. कुणी म्हणाले, खुलासा पाठवा. खुलासा बाईंनी पाठवला. तो दोन-चार ठिकाणी गेला आणि थांबला. ज्यांनी पहिला संदेश डोळे झाकून पुढे ढकलला होता, त्यांनी खुलासा वाचला आणि ठेवून दिला. लोकांना उपाय पुढे पाठवायला आवडते. उपाय चुकीचा होता हे पुढे पाठवायला कुणाला आवडेल?

वैशालीचा दशक्रिया विधी इंद्रायणीच्या घाटावर होता. आमच्याकडे दशक्रियेला पंचक्रोशी लोटते. प्रवचन होते, श्रद्धांजलीची भाषणे होतात. बाई आदल्या दिवशी मला घेऊन रोहिदासच्या घरी गेल्या आणि त्याच्या आईची, हिराबाई मावशींची, परवानगी मागितली. म्हणाल्या, की मला तिथे बोलायचे आहे आणि कदाचित ते तुम्हाला ऐकवणार नाही. मावशींनी विचारले, की काय बोलणार. बाईंनी सगळे सांगितले, शिक्षकांच्या दारातले वाक्यही. मावशींनी पदर तोंडाला लावून सगळे ऐकले. आम्ही उठायच्या बेतात होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "बोला. तिच्या नावानं बोला."

घाटावर पुढाऱ्यांची भाषणे झाल्यावर बाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या नावानं फिरणारा तो संदेश माझा नाही. पण शेळीचं दूध चालेल हे वाक्य माझं आहे. मी अर्धं बोलले. उरलेलं अर्धं बोलले असते तर वैशाली कदाचित आज असती. ते उरलेलं अर्धं आज सांगते."

पुढे बसलेले एक वडीलधारे उठून म्हणाले, की बाई, तुमच्याकडे दोष नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बाईंनी त्यांना हात जोडले आणि म्हणाल्या, की दोषाचे नंतर बघू, आधी हे ऐका. मग त्यांनी सांगितले. डेंगीत ताप उतरला म्हणजे आजार गेला असे नाही. काहींना खरा धोका तेव्हाच सुरू होतो. पोटात दुखले, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले, माणूस पेंगायला लागला, कुठून रक्त आले, तर घरी थांबायचे नाही, तडक दवाखाना गाठायचा. दूध प्या, रस प्या, पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका.

मग त्यांनी विचारले, "मी काय सांगितलं, कुणी म्हणून दाखवाल का?"

दशक्रियेला जमलेली माणसे, अशा वेळी कोण बोलणार? तेव्हा बायकांच्या घोळक्यातून हिराबाई मावशी उभ्या राहिल्या. सुनेच्या दहाव्याला त्यांनी एकेक लक्षण म्हणून दाखवले. पोटात दुखणे, उलट्या, गार हातपाय, पेंग. म्हणता म्हणता त्या थांबल्या, कारण ही सगळी लक्षणे त्यांनी आपल्या घरात डोळ्यांनी पाहिली होती. पण त्यांनी शेवटपर्यंत म्हटले. त्यांच्या पाठोपाठ आणखी एकीने म्हटले, मग आणखी एकीने. शिक्षकांच्या पत्नीही त्यांत होत्या.

याचे मोल बाईंना मोजावे लागले. काहींनी बोलणे असे पसरवले, की बाईंनी स्वतःच चूक कबूल केली, बाईंच्या औषधाने वैशाली दगावली. काही जुनी घरे दवाखान्यात यायची बंद झाली. मी एकदा म्हटले, की एवढे जाहीर बोलायची गरज नव्हती. बाई म्हणाल्या, "जे चव्हाट्यावर बिघडलं ते खोलीत बसून नीट करता येत नाही, सुनंदा."

पण त्याच साथीत माणसे ताप उतरल्यावर तपासायला येऊ लागली. आधी असे कधी होत नसे. एका सकाळी रोहिदासची दुधाची गाडी दारात थांबली. पुढे हिराबाई मावशी बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर शेजारच्या घरातल्या सुनेचे डोके होते. तिचा ताप आदल्या दिवशी उतरला होता आणि घरचे निर्धास्त होते. मावशी सहज डोकावायला गेल्या, तिचे पाय हातात घेऊन पाहिले, गार लागले. घरच्यांना विचारतसुद्धा बसल्या नाहीत. बाईंनी तिला सलाईन लावून वेळेत पुढे पाठवले. ती वाचली. आज तिचा संसार नीट चालला आहे.

ती वाचली असा निरोप आला तेव्हा मावशी अजून दवाखान्याच्या पायरीवरच बसून होत्या. घरी जायचे नाव घेत नव्हत्या. बाई आतून उठून आल्या आणि पायरीवर त्यांच्या शेजारी बसल्या. थोड्या वेळाने मावशी म्हणाल्या, "आमच्या वैशूला लय उशीर झाला." बाईंनी त्यांचा हात धरला. मी दारातून मागे फिरले.

डॉक्टर नावाजला जातो तो त्याने वाचवलेल्या माणसांमुळे. बाईंना मी मानते ते त्या घाटावरच्या काही वाक्यांमुळे. खोटा संदेश माझा नाही, एवढे म्हणून त्यांना घरी जाता आले असते, आणि ते खरेही होते. पण आपल्या खऱ्या वाक्याची जबाबदारी त्यांनी घेतली, म्हणून लोकांनी पुढचे ऐकले. माझ्यासारख्या हाताखालच्या माणसांना त्यांनी शिकवले ते हेच. लोकांचा विश्वास हा आपला मान नव्हे, आपल्यावरचे ओझे आहे. ते उचलायचे तर वाकावे लागते.

बाई, आपल्या वाढदिवसाला या ग्रंथातून सगळे आपल्याला दीर्घायुष्य चिंततील. मीही चिंतते. आपली दृष्टी, आपला आवाज आणि आपला राग असाच शाबूत राहो, पायांना डोंगरातल्या वाटा चढण्याचे बळ राहो. पण मी आपल्याजवळ असते, म्हणून मला एक गोष्ट ठाऊक आहे. त्या पावसाळ्यापासून आपल्याला नीट झोप लागत नाही. आपण कुणाला सांगत नाही, विचारले तर वयाचे कारण देता. दोष आपला नाही, हे आम्ही परोपरीने सांगितले, रोहिदासने सांगितले, मावशींनी सांगितले. आपण सगळ्यांचे ऐकून घेतलेत आणि मान्य मात्र कुणाचेच केले नाहीत. म्हणून आयुष्याच्या आधी मी आपल्यासाठी दुसरे काही मागते. आपल्याला शांत झोप लागो. आमच्यासाठी आपण पुष्कळ जागलात, बाई. आता थोडे आम्हाला जागू द्या.